बिल्डची कीर्द आणि खतावणी

१९८३ च्या पावसाळ्यात भातसा धरणाच्या परिसरात जमीन हलू लागली. शहापूर तालुक्याच्या या भागात लहानमोठे धक्के बसत राहिले आणि १५ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांतला सर्वांत मोठा, ४.९ तीव्रतेचा धक्का बसला. धरणात पाणी साठले की आसपासच्या खडकात भूकंप होऊ शकतात, हे महाराष्ट्राला कोयनेने आधीच शिकवले होते. कोयनेसारख्या जलाशयांचा अभ्यास करून हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मांडले, त्यात पाणी किती वेगाने चढले, किती उंचीपर्यंत गेले आणि त्या उंचीवर किती काळ टिकले या तीन गोष्टींना मोठे स्थान आहे. या तिन्ही गोष्टी भूकंपमापक सांगत नाही. त्या जलाशयाच्या पातळीच्या रोजच्या नोंदीतून कळतात. ती नोंद करणाऱ्याच्या मनात भूकंप नसतो. तो फक्त नेमून दिलेल्या वेळी पातळी पाहून आकडा लिहितो. पण धक्के बसल्यावर मागच्या वर्षीची पातळी नव्याने मोजता येत नाही. शांत दिवशी लिहिलेला तो आकडाच मग कामाला येतो.

धरणाच्या वसाहतीत राहणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी भातसातून जाते आणि त्या कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवत असते. संगणकाच्या क्षेत्रात मात्र, जिथे यंत्र स्वतःच नोंद लिहून द्यायला तयार असते, तिथे ती नोंद ठेवण्याबाबत कमालीची उदासीनता दिसते. या लेखाचा विषय तीच नोंद आहे. तिला ‘बिल्ड लॉग’ म्हणतात. ती कशी ठेवावी आणि बिघाड शोधताना कशी वाचावी, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यातला मुख्य मुद्दा आधीच सांगतो : बिघडलेल्या दिवसाच्या नोंदीला अर्थ येतो तो सुरळीत दिवसाची नोंद शेजारी ठेवल्यावर.

बिल्ड म्हणजे काय?

प्रोग्रामर जो मजकूर लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो, पण बहुतेक भाषांत संगणक तो जसाच्या तसा चालवू शकत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. लिंकर हे रूपांतरित तुकडे आणि इतरांनी आधी लिहून ठेवलेल्या लायब्ररी एकत्र जोडतो. शेवटी सगळ्याचे एक पॅकेज तयार होते. या संपूर्ण क्रियेला बिल्ड म्हणतात. छोट्या प्रोग्रामचा बिल्ड दोन सेकंदांत उरकतो, तर मोठ्या ब्राउझरचा साध्या संगणकावर कित्येक तास चालतो.

छपाईशी तुलना केली तर हे सोपे होईल. हस्तलिखित तेच असले तरी टाइप, कागद, शाई किंवा यंत्र बदलले की छापलेले पान बदलते. तसेच सोर्स कोडचे अक्षरही बदललेले नसताना कंपायलरची आवृत्ती, एखादी लायब्ररी, संगणकाची भाषा किंवा अगदी फोल्डरचे नाव बदलल्याने बिल्ड अडू शकतो. ‘काल चालत होते, आज चालत नाही, आणि मी तर काहीच बदलले नाही’ हे वाक्य या क्षेत्रात रोज ऐकू येते. बोलणारा खोटे बोलत नसतो. बदल झालेला असतो, पण त्याच्या नजरेबाहेर.

बिल्डसाठी जगभर वापरले जाणारे ‘मेक’ हे साधनही अशाच एका फुकट गेलेल्या सकाळीतून जन्माला आले. १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत स्टीव्ह जॉन्सन हे सहकारी वैतागून आले. एक चूक शोधण्यात त्यांनी सकाळ घालवली होती. प्रत्यक्षात ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेली फाइल नव्याने कंपाइल करायची मात्र राहून गेली होती, त्यामुळे जुनाच तुकडा जोडला जात होता. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी याच प्रकारात अडकले होते. त्यातून कोणती फाइल बदलली आणि कोणती पुन्हा कंपाइल करायला हवी, हे ठरवणारे साधन त्यांनी तयार केले. बरोबर असलेल्या प्रोग्रामवर एक हुशार माणूस सकाळभर डोके खपवतो, कारण यंत्राने नेमके काय जोडले हे त्याच्या समोर नसते. बिल्ड लॉगची गरज इथेच आहे.

शेवटची ओळ फसवी असते

बिल्ड अडला की बहुतेक जण पडद्यावरची शेवटची ओळ वाचतात, तिचा फोटो काढतात आणि जाणकाराला पाठवतात. या फोटोतून क्वचितच काही निष्पन्न होते. शेवटची ओळ बहुधा एवढेच सांगते की ‘मेक’ अमुक ठिकाणी थांबला. तो का थांबला, याचे कारण वर कुठेतरी असते.

याला एक साधे कारण आहे. आजच्या संगणकात अनेक कोअर असतात आणि बिल्डची कामे एकाच वेळी वाटून दिली जातात. समजा, आठ फाइली एकाच वेळी कंपाइल होत आहेत. तिसरी फाइल अडली तरी चालू असलेली बाकीची कामे आपापला मजकूर छापत राहतात आणि मग बिल्ड थांबतो. तोपर्यंत खऱ्या चुकीवर शेकडो ओळींचा थर चढलेला असतो. त्यातच आठ कामांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून पहिला नियम असा : लॉग खालून वर चाळावा आणि पहिली चूक गाठावी. पुढच्या चुका पुष्कळदा तिचीच पिल्ले असतात. दुसरा नियम असा : काम न वाटता, एका वेळी एकच फाइल घेऊन बिल्ड पुन्हा करावा आणि त्याचा लॉग ठेवावा. वेळ जास्त लागतो, पण ओळी क्रमाने येतात.

काही वेळा खरे कारण पडद्यावर येतच नाही. युनिक्स घराण्यातील अनेक प्रोग्राम बिल्डच्या आधी ‘कॉन्फिगर’ नावाची तपासणी करतात. ती कधी एवढेच सांगते की कंपायलरला चालणारा प्रोग्राम तयार करता येत नाही. हे वाचून माणूस कंपायलर काढून पुन्हा बसवतो, आणि पुन्हा तेच होते. याच तपासणीने शेजारी ‘कॉन्फिग डॉट लॉग’ नावाची फाइल लिहिलेली असते. कोणता छोटा चाचणी-प्रोग्राम लिहिला, कोणती आज्ञा दिली आणि कंपायलरने नेमके काय उत्तर दिले, हे सारे तिच्यात असते. एखादी लायब्ररी सापडली नाही किंवा आज्ञेत चुकीचा पर्याय शिरला, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

नोंदीचे एक जुने पान या बाबतीत पाहण्यासारखे आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या नोंदवहीत ९ सप्टेंबर १९४७ या तारखेच्या पानावर एक पतंग चिकटवलेला आहे. यंत्राच्या रिलेमध्ये तो अडकला होता. संगणकातील चुकीला ‘बग’ म्हणण्याच्या संदर्भात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते (हा शब्द त्याच्याही आधीपासून अभियंत्यांच्या बोलण्यात होता), आणि ते पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. लोक पतंग पाहतात. मला त्याच्या वरच्या ओळी जास्त मोलाच्या वाटतात. यंत्र कधी सुरू केले, कोणती चाचणी किती वाजता लावली, कोणते रिले बदलले, हे तिथे ओळीने लिहिलेले आहे. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी बेरजेच्या भागाची चाचणी सुरू झाली आणि ३ वाजून ४५ मिनिटांनी एफ पॅनलच्या ७० क्रमांकाच्या रिलेत पतंग सापडला. चाचणीचे नाव, वेळ आणि जागा ओळीने लिहिल्यामुळेच तो पतंग आजही त्या यंत्राच्या एका ठरावीक भागाशी जोडता येतो.

कीर्दीत काय हवे

आपल्याकडे हिशेबाच्या वह्या दोन प्रकारच्या असत. कीर्द म्हणजे घडेल त्या क्रमाने, त्या त्या दिवशी केलेली नोंद. खतावणी म्हणजे त्याच नोंदी खातेवार लावून मांडलेला हिशेब. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेल्या रोजकीर्दी आहेत. त्या लिहिणाऱ्या कारकुनाला पुढे कुणी इतिहास लिहील याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पण घडले ते क्रमाने लिहिले म्हणून त्या आज पुरावा ठरतात. बिल्ड लॉगलाही या दोन्ही वह्या लागतात. कीर्द यंत्र लिहिते, खतावणी माणसाने लिहायची असते.

यंत्राच्या कीर्दीत काय असावे? पहिली गोष्ट, सोर्स कोड नेमका कोणता. ‘ताजी आवृत्ती’ असे लिहून काही कळत नाही. गिटसारखे साधन प्रत्येक बदलाला एक ओळखक्रमांक देते, तो लिहावा. डाउनलोड केलेली फाइल असेल तर तिचा चेकसम लिहावा. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. शहापूर-मुरबाडसारख्या भागात वीज जाते, रेंज जाते, आणि अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण असल्याच्या थाटात पडून राहते. अशा वेळी तासाभराचा शोध चेकसमच्या एका ओळीने वाचतो.

दुसरी गोष्ट, साधने आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या. डेबियन या मुक्त प्रणालीचे बिल्ड लॉग या दृष्टीने पाहावेत. बिल्डसाठी कोणती पॅकेजेस बसवली आणि त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, हे तिथे सुरुवातीलाच येते. शेवटी बिल्डला लागलेला वेळ, डिस्कवर व्यापलेली जागा आणि यश-अपयशाचा शेरा असतो. फेडोरा ही प्रणाली तर एकाच बिल्डच्या वेगवेगळ्या फाइली ठेवते : बिल्डची एक, त्यासाठी उभारलेल्या वातावरणाची दुसरी, बसवलेल्या पॅकेजेसची तिसरी, यंत्राच्या माहितीची चौथी.

तिसरी गोष्ट, दिलेली आज्ञा जशीच्या तशी, सर्व पर्यायांसह. अनेक प्रकल्प पडद्यावर सुटसुटीत दिसावे म्हणून फक्त फाइलचे नाव छापतात. त्यांना पूर्ण आज्ञा छापायला सांगावे लागते. लॉग लांबतो, पण कंपायलरला काय सांगितले होते ते त्यातच कळते.

चौथी गोष्ट वेळ. बिल्ड सर्व्हर बहुधा जागतिक वेळ लिहितात आणि आपली घड्याळे साडेपाच तास पुढे असतात. हा फरक किती गोंधळ करतो याचे उदाहरण पुन्हा कोयनेचेच देता येईल. कोयनानगरचा मोठा भूकंप आपल्या घड्याळानुसार ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. जागतिक वेळेनुसार तेव्हा १० डिसेंबरची रात्र होती, १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. म्हणून काही ठिकाणी १० तारीख आढळते, काही ठिकाणी ११, आणि दोन्ही बरोबर आहेत. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत आपण केलेला प्रत्येक बदल सर्व्हरच्या लॉगमध्ये आदल्या तारखेला दिसतो. ‘बिघाड आधी की माझा बदल आधी?’ या प्रश्नाचे उत्तर यामुळे उलटे निघू शकते. वेळेपुढे ती कोणती वेळ आहे हे लिहिलेलेच हवे.

पाचवी गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे, ती म्हणजे संगणकाला सांगितलेली भाषा आणि प्रदेश. कोणत्या भाषेत अंक, तारखा, चलन कसे लिहावे याचा एक जागतिक संग्रह युनिकोड संस्था चालवते. त्यात हिंदीसाठी नेहमीचे अंक म्हणून १, २, ३ ची इंग्रजी रूपे नोंदवली आहेत, तर मराठीसाठी देवनागरी अंक. जावा या भाषेने २०१७ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून हाच संग्रह मुळात वापरायला घेतला. परिणाम असा, की भाषा स्पष्ट न सांगता आकडा छापणारी जावातील एक साधी ओळ इंग्रजी किंवा हिंदी संगणकावर इंग्रजी अंक देते आणि मराठी निवडलेल्या संगणकावर देवनागरी. आता समजा, बिल्डच्या एका पायरीने आवृत्तीचा क्रमांक घालून फाइलचे नाव तयार केले आणि पुढची पायरी इंग्रजी अंकांचे नाव शोधत आली. फाइल समोर असूनही ‘फाइल सापडली नाही’ अशी चूक येईल. त्या चुकीत भाषेचा उल्लेख नसेल. पुण्यामुंबईतल्या सहकाऱ्याच्या इंग्रजी संगणकावर तोच बिल्ड सुरळीत होईल, आणि आपल्या भाषेत संगणक वापरणाऱ्याला ‘तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी आहे’ असे ऐकावे लागेल. दोष मशीनचा नाही आणि मराठीचा तर नाहीच. तो भाषा गृहीत धरणाऱ्या त्या एका ओळीचा आहे. लॉगच्या सुरुवातीला भाषेची नोंद असेल तर ती ओळ सापडते आणि दुरुस्त करता येते. नसेल तर संगणक इंग्रजीत टाकून विषय संपवला जातो, आणि पुढच्या मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला तीच अडचण येते.

हे सगळे जमवण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. प्रोग्रामचा मजकूर दोन वाटांनी बाहेर पडतो : नेहमीच्या मजकुराची एक वाट आणि चुकांची दुसरी. फाइलीत साठवताना पुष्कळ जण पहिलीच वाट वळवतात, आणि नेमक्या चुकाच नोंदीबाहेर राहतात. दोन्ही एकत्र करून ‘टी’ या आज्ञेकडे द्याव्यात. नळजोडणीत प्लंबर जो टी वापरतो त्याच्याच आकारावरून हे नाव आले. पाणी जसे दोन बाजूंना जाते तसा मजकूर पडद्यावरही दिसतो आणि फाइलीतही उतरतो. यात एक खोच आहे. अशा जोडणीत यश-अपयशाचा निर्णय शेवटच्या आज्ञेवरून, म्हणजे ‘टी’वरून होतो. मजकूर नीट लिहून झाला की ती यशस्वी! त्यामुळे बिल्ड कोसळलेला असतानाही ‘सर्व ठीक’ असा निकाल येऊ शकतो. बॅश वापरणाऱ्यांनी त्यासाठी ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू करावा, म्हणजे साखळीतील कुठलीही कडी तुटली तरी ते कळते.

खतावणी माणसाने लिहायची

यंत्राची कीर्द कितीही तपशीलवार असली तरी ती विचार करत नाही. बिघाड शोधताना आपण काय समजलो, काय करून पाहिले आणि काय झाले, हे वेगळ्या फाइलीत किंवा चक्क वहीत लिहावे. एका प्रयत्नाला चार ओळी पुरतात : लक्षण काय दिसले, कारण काय असावे असे वाटते, कोणती एकच गोष्ट बदलली आणि परिणाम काय झाला. शेवटी त्या प्रयत्नाच्या कीर्दीचे, म्हणजे लॉग फाइलचे नाव.

यात ‘एकच गोष्ट’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रात्री उशिरा वैतागून माणूस कंपायलर बदलतो, जुने फोल्डर पुसतो आणि एक पर्यायही काढून टाकतो. बिल्ड होतो, तो झोपायला जातो. कशाने झाला हे त्याला माहीत नसते, आणि दोन महिन्यांनी तीच अडचण आली की सगळे पहिल्यापासून सुरू होते. फसलेला प्रयत्न लिहिण्याचा कंटाळा येतो, पण खतावणीत त्याची किंमत यशाइतकीच आहे. तो वाटेवर ‘इकडे रस्ता नाही’ अशी पाटी लावतो, आणि ती पाटी पुढच्या माणसालाही वाचता येते.

कीर्दीवरून शेवटचा चांगला बिल्ड कोणता हे कळले तर शोध फारच आटोपशीर होतो. चांगला आणि बिघडलेला या दोन बिल्डच्या दरम्यान १,००० बदल झाले असतील, तर बरोबर मधला बदल घेऊन बिल्ड करून पाहायचा. तो चांगला असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, बिघडलेला असेल तर मागच्या अर्ध्यात. दर वेळी निम्मे बाद होत गेल्याने सुमारे १० बिल्डमध्ये दोषी बदल हाती येतो. गिटमध्ये यासाठी ‘बायसेक्ट’ ही तयार आज्ञा आहे. मात्र तिला सुरुवातीला एक खात्रीचा चांगला बिल्ड सांगावा लागतो, आणि तो नोंदीतूनच मिळतो.

चांगल्या दिवसाची नोंद

इथे मी मूळ मुद्द्याकडे येतो. बिल्ड यशस्वी झाला की बहुतेक जण लॉग पुसतात. ‘झाले ना, मग काय पाहायचे?’ पण अडचणीच्या दिवशी सर्वांत जास्त उपयोग त्याच लॉगचा होतो. दोन लॉग शेजारी ठेवून फरक पाहिला, की हजारो ओळींतून वेगळ्या असलेल्या मोजक्या ओळी उरतात. वेळा आणि तात्पुरत्या फोल्डरांची नावे दर वेळी बदलतात. ती आधी एकसारखी करून घेतली की उरलेला फरक वाचण्याजोगा होतो.

जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरचे अलीकडचे उदाहरण घेऊ. सी भाषेत एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरले तर जीसीसी वर्षानुवर्षे केवळ इशारा देऊन पुढे जात असे. २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून हीच गोष्ट चूक मानली जाते आणि बिल्ड थांबतो. त्यामुळे ज्यांना कुणी हात लावला नव्हता असे कित्येक जुने प्रोग्राम नव्या प्रणालीवर अडले. ज्याच्याकडे फक्त अडलेल्या दिवसाचा लॉग आहे, त्याला वाटते की प्रोग्रामच मोडला. ज्याने आधीचा यशस्वी लॉग ठेवला, त्याला त्या लॉगमध्ये त्याच फाइलीच्या त्याच ओळीवर इशारा दिसतो आणि साधनांच्या यादीत कंपायलरची जुनी आवृत्ती दिसते. दोन ओळींत निदान होते. शिवाय ज्याने यशस्वी लॉगमधले इशारे वेळीच वाचले असतील, त्याच्यावर ही वेळच येत नाही.

मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरणातही हेच दिसते. फाइली दाबून लहान करणाऱ्या या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट पेरली होती. ती सुरू करणारी किल्ली सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. ती फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या संचातील बिल्डच्या एका फाइलीत होती, आणि ठरावीक प्रकारच्या बिल्डमध्येच जागी होत असे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली, कारण दूरच्या संगणकावर लॉगिन करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे हे त्याच्या लक्षात आले. त्याने जाहीर केलेल्या मोजणीत आधी ०.२९९ सेकंद आणि नंतर ०.८०७ सेकंद असे दोन आकडे आहेत. अर्धा सेकंद! नेहमीचा वेळ माहीत नसता, तर जास्तीचा वेळ जास्त वाटलाच नसता.

हाच विचार शेवटपर्यंत नेणारी चळवळ म्हणजे ‘रीप्रोड्यूसिबल बिल्ड्स’. डेबियनमध्ये २०१३ पासून हे काम संघटितपणे सुरू झाले. एकाच सोर्स कोडपासून दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या यंत्रांवर केलेला बिल्ड अगदी बिट न् बिट सारखा यावा, हे त्याचे ध्येय आहे. त्यासाठी प्रत्येक बिल्डसोबत ‘बिल्डइन्फो’ नावाची छोटी फाइल ठेवतात. कोणत्या पॅकेजेसच्या कोणत्या आवृत्त्या वापरल्या आणि तयार झालेल्या फाइलींचे चेकसम काय, हे तिच्यात असते. या फाइलीच्या आधारे दुसरा कुणीही तेच वातावरण पुन्हा उभारून पडताळणी करू शकतो.

नोंदीची मर्यादा

लॉगवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही सांगायला हवे. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीवरील हल्ला उघड झाला. तिच्या सॉफ्टवेअरची दूषित आवृत्ती सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेली होती. पुढे विश्लेषकांनी दाखवले, की हल्लेखोरांचा प्रोग्राम बिल्डच्या यंत्रावर दबा धरून बसत असे. बिल्ड सुरू झाला की तो एक सोर्स फाइल बदलून आपली फाइल ठेवी आणि काम झाल्यावर मूळ फाइल परत जागेवर ठेवी. मूळ फाइल अपेक्षित आवृत्तीचीच आहे ना, हे तो चेकसमने आधी तपासत असे, म्हणजे बिल्ड अडून कुणाला संशय येऊ नये. घुसवलेल्या भागापुरते कंपायलरचे इशारेही त्याने बंद केले होते. बिल्ड लॉगमध्ये एकही अनोळखी ओळ उमटू नये, याची एवढी काळजी त्या मंडळींनी घेतली. त्या लॉगचे मोल त्यांना चांगलेच ठाऊक असावे. अशा हल्ल्यापुढे एकाच यंत्राने स्वतःबद्दल लिहिलेली नोंद पुरत नाही. दुसऱ्या स्वतंत्र यंत्रावर बिल्ड करून निकाल ताडून पाहणे हाच उपाय उरतो, आणि त्यासाठीही पहिल्या बिल्डची नीट नोंद लागतेच.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. तपशीलवार लॉगमध्ये पासवर्ड आणि सर्व्हरच्या किल्ल्याही उतरू शकतात. ट्रॅव्हिस सीआय या बिल्ड सेवेच्या मोफत वापरकर्त्यांचे ७७ कोटींहून अधिक लॉग कुणालाही पाहता येत होते आणि त्यांत अशा किल्ल्या होत्या, हे २०२२ मध्ये संशोधकांनी दाखवले. लॉग कुणाला देण्याआधी असे शब्द झाकावेत. मात्र झाकताना ‘इथे काढले आहे’ अशी खूण ठेवावी. गुपचूप ओळ गाळली तर वाचणारा भलत्याच वाटेने जातो.

हे कोणासाठी?

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी स्वतंत्र माणसे असतात. खरी गरज आहे ती एकेकट्या माणसांनी चालवलेल्या छोट्या प्रोग्रामना, आणि मराठीचे बरेचसे डिजिटल व्यवहार अशाच प्रोग्रामवर उभे आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी, १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठीत जे टाइप झाले, त्याचा मोठा भाग इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. पुस्तके, संस्थांचे अहवाल आणि दिवाळी अंकही त्यात आले. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक अनेकदा एखाद्या हौशी माणसाने आपल्या गरजेपुरते लिहिलेले असतात. त्यांचा सोर्स कोड सापडला तरी तो कोणत्या कंपायलरने, कोणत्या लायब्ररीसह, कोणत्या आज्ञेने बिल्ड होत होता हे लिहिलेले नसेल, तर पंधरा वर्षांनी तो पुन्हा उभा करणे जिकिरीचे होते. करणारा माणूस हयात नसेल तर विचारायचे तरी कोणाला? आणि परिवर्तक नसेल तर त्याच्या मागची पानेही मुकी राहतात.

नोंद कुठे ठेवावी, हाही प्रश्न आहे. गिटहबसारख्या सेवेवर झालेल्या बिल्डचे लॉग मुळात ९० दिवसच राहतात. या दिवाळीचा लॉग पुढच्या दिवाळीला तिथे सापडणार नाही. म्हणून प्रत्येक प्रसिद्ध आवृत्तीचा यशस्वी लॉग उतरवून, दाबून लहान करून, सोर्स कोडच्या शेजारीच ठेवावा. साध्या मजकुराची फाइल असल्याने ती फारशी जागा खात नाही आणि कोणत्याही काळात, कोणत्याही यंत्रावर उघडते.

असा प्रोग्राम सांभाळणाऱ्या वाचकाने या सुट्टीत एक करावे. आज तो सुरळीत बिल्ड होतो आहे तोवरच एकदा नव्या, स्वच्छ फोल्डरमध्ये सुरुवातीपासून बिल्ड करावा. सोर्सचा क्रमांक, साधनांच्या आवृत्त्या, भाषा, वेळ आणि पूर्ण आज्ञा यांसह त्याची कीर्द साठवावी. तिच्याबरोबर साध्या मराठीत दहा ओळींची खतावणी लिहावी : हा प्रोग्राम काय करतो, कसा बिल्ड होतो, आजवर कुठे अडला आणि कशाने सुटला. त्याची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे द्यावी. काम अर्ध्या दिवसाचे आहे.